अर्धं नाही, पाव तिकीट

 

आज आपण एसटीच्या तिकिटाविषयी बोलणार आहोत. तुम्ही म्हणाल, तिकिटात काय बोलायचं? बाईला अर्धं तिकीट, हे तर आता शाळेतल्या पोरालाही ठाऊक आहे. पण मैत्रिणींनो, त्या अर्ध्या तिकिटापायी आपल्यातल्याच काही जणींचं नुकसान होत होतं, आणि त्याला थोड्याफार आम्हीच कारण होतो. म्हणून आधी आमची चूक सांगतो, मग बाकीचं.

17 मार्च 2023 पासून राज्यात महिला सन्मान योजना सुरू झाली. एसटीच्या सगळ्या गाड्यांत बाईला अर्धं तिकीट. आम्ही गटांचं काम बघणाऱ्या, त्यामुळं त्या महिन्यात जिथं जिथं बैठकीला गेलो तिथं आनंदानं सांगत सुटलो, ''आता बाईमाणसाला कसलं कार्ड नको, कसला दाखला नको. गाडीत बसा, अर्धं तिकीट घ्या.'' ऐकून बायांनी टाळ्या वाजवल्या. आम्हालाही बरं वाटलं.

त्या बैठकांत दिव्यांग बायाही बसलेल्या होत्या. त्यांना एसटीत त्याआधीपासून 75 टक्के सवलत आहे. म्हणजे शंभराचं तिकीट त्यांना पंचवीसला. आणि आम्ही त्यांना सांगून आलो की कार्ड नको, अर्धं तिकीट घ्या! म्हणजे पंचवीसच्या जागी पन्नास द्या. हे आमच्या लक्षात यायला पुढं दीड वर्ष गेलं.

लक्षात कसं आलं, तेही सांगतो. आमच्या एका गटात एक अक्का आहेत. नाव सांगू नका म्हणाल्यात, म्हणून सांगत नाही. लहानपणी पोलिओ झाला, डावा पाय अधू. ब्लाउज शिवतात, फॉल-पिको करतात, आणि त्यावरच त्यांचं घर चालतं. अस्तर, हुक, दोरे आणायला आठवड्यातून दोनदा तालुक्याला जातात. एकदा आम्ही आणि त्या एकाच गाडीत होतो. कंडक्टरनं मशीनमधून अर्धं तिकीट काढून दिलं, त्यांनी पैसे दिले, पिशवी मांडीवर घेतली. आम्ही सहज विचारलं, ''अक्का, तुमचं कार्ड होतं ना? दाखवलं नाही?''

अक्का म्हणाल्या, ''तुम्हीच तर सांगितलं होतं, आता कार्ड लागत नाही म्हणून.''

आम्ही गप्प झालो. मनातल्या मनात हिशोब केला. आठवड्यातून दोन फेऱ्या, महिन्याला आठ, जाऊन येऊन सोळा तिकिटं. समजा पुरं तिकीट 40 रुपये. अर्धं 20, पाव 10. एका तिकिटामागं 10 रुपये जास्त, महिन्याला 160, वर्षाला 1920 रुपये. आपल्या गटात महिन्याला 100 रुपये बचत असते. म्हणजे अक्कांची दीड वर्षाहून जास्त काळाची बचत एका वर्षात गाडीभाड्यात गेली. तेही आमच्या एका वाक्यावर.

तेव्हा मैत्रिणींनो, आज ते वाक्य आम्ही माघारी घेतो. नीट ऐका. ज्या बाईकडं दिव्यांगाचं कार्ड आहे, तिनं एसटीत ते दाखवायचं. साध्या गाडीत आणि निमआराम गाडीत 75 टक्के सवलत. शिवशाहीत बसून जायचं असेल तर 70 टक्के. अर्धं नाही, पाव तिकीट. दोन सवलती एकावर एक मिळत नाहीत, एकाच तिकिटावर एकच सवलत. म्हणून जी जास्त, ती मागायची. कंडक्टरला माणसाकडं बघून सगळं कळत नाही. समोर बाई दिसली की तो महिलेचं तिकीट काढतो, त्यात त्याची चूक नाही. तिकीट निघायच्या आधी कार्ड पुढं करणं हे आपलं काम.

आता दुसरी गोष्ट. ''दिव्यांगांना एसटी फुकट झाली,'' असं बऱ्याच जणी सांगतात. मोबाइलवर काहीतरी येतं, एकीचं दुसरीला कळतं. तसं नाही. दिव्यांगांना एसटीत मोफत नाही, 75 टक्के सवलत आहे. घोटाळा कुठं होतो ते सांगतो. 26 ऑगस्ट 2022 पासून 75 वर्षं पूर्ण झालेल्यांना एसटी मोफत झाली. ती अमृत ज्येष्ठ नागरिक योजना. तिथंही आकडा 75 आणि इथंही 75, त्यामुळं गोंधळ. एक वयाचा आकडा, दुसरा टक्क्याचा. शिवाय शहरातले पाहुणे सांगतात, आमच्या पुण्यात दिव्यांगाला बसचा मोफत पास आहे. ते खरं आहे, पण तो पुणे महापालिका देते, आणि तो पीएमपीच्या बसला. त्या पासावर आपल्या लाल गाडीत बसता येत नाही.

मग घरात कुणी कुठली सवलत घ्यायची? आजी दिव्यांग आहे आणि वय 75 च्या पुढं आहे, तर तिनं आधार कार्ड दाखवायचं, तिला मोफत. आजोबा दिव्यांग आहेत आणि वय 68 आहे, तर ज्येष्ठ म्हणून त्यांना अर्धं तिकीट पडेल, दिव्यांग म्हणून पाव. त्यांनी दिव्यांगाचं कार्ड दाखवायचं. तरुण मुलगी दिव्यांग आहे, तिनंही तेच. आणि घरात सिकलसेल, हिमोफिलियाचा रुग्ण असेल, किंवा कुणाचं डायलिसिस चालू असेल, तर त्यांना एसटीत वेगळी सवलत आहे, ती पूर्ण शंभर टक्के. त्याला कुठले कागद लागतात ते आगारात जाऊन विचारून घ्या.

सोबत्याचं तिकीट ही तिसरी गोष्ट. ज्या माणसाचं दिव्यांगत्व 65 टक्क्यांच्या वर आहे, त्याच्याबरोबर जाणाऱ्या एका मदतनिसाला अर्धं तिकीट असतं. सोबत बाई असेल तर तिला एरवीही अर्धंच पडतं, म्हणून आपल्याला हे कळलंच नाही. पण सोबत भाऊ असेल, नवरा असेल, वडील असतील, तर फरक पडतो. समजा पुरं तिकीट शंभर. दिव्यांग बहीण आणि तिचा भाऊ दवाखान्यात निघाले. कार्ड काढलंच नाही तर तिचे 50 आणि त्याचे 100, दीडशे झाले. कार्ड दाखवलं तर तिचे 25 आणि त्याचे 50, पंचाहत्तर झाले. खर्च सरळ निम्मा. जायचं यायचं धरलं तर दीडशे रुपये वाचले, त्यात औषध येतं.

आता हे कार्ड म्हणजे कुठलं? इथं बदल झालेला आहे आणि तो समजून घ्यायला हवा. पूर्वी सरकारी दवाखान्यातून कागदाचा दाखला मिळायचा. आपण तो लॅमिनेट करून ट्रंकेत कपड्यांखाली ठेवायचो. मग जो तो विभाग आपापलं ओळखपत्र मागायचा. आता सगळ्या देशात एकच कार्ड आलं, त्याला यूडीआयडी म्हणतात. मराठीत वैश्विक ओळखपत्र. जून 2021 पासून दिव्यांगाचा दाखला त्याच्याच संकेतस्थळावरून द्यायचा असं केंद्र सरकारनं ठरवून दिलं. एसटीतही हे कार्ड चालतं. ज्यांच्याकडं अजून जुना कागदच आहे, त्यांनी त्याच्या भरवशावर राहू नका, नवं कार्ड काढून घ्या.

कार्डाला रंग असतो. पांढरं कार्ड 40 टक्क्यांच्या आतलं, पिवळं 40 पासून 80 च्या आतलं, निळं 80 आणि पुढचं. पण सोबत्याची सवलत रंगावर ठरत नाही. पिवळं कार्ड 45 टक्के असलेल्यालाही मिळतं आणि 70 टक्के असलेल्यालाही. म्हणून रंग बघून थांबू नका, टक्का वाचा. वाचता येत नसेल तर पोरांकडून वाचून घ्या.

टक्क्याबरोबर आणखी एक गोष्ट बघायची, ती म्हणजे तारीख. काही जणांना दाखला कायमचा मिळतो, काहींना तात्पुरता, ठरावीक वर्षांचा. आमच्या शेजारच्या गावात एक वहिनी आहेत. त्यांचा मुलगा 19 वर्षांचा, त्याची समज लहान मुलासारखी आहे. त्याला घेऊन त्या जिल्ह्याला निघाल्या होत्या. कार्ड दाखवलं तर कंडक्टर म्हणाला, ''वहिनी, याची मुदत संपलीय, दोन महिने झाले.'' चांगल्या शब्दांत सांगितलं त्यानं. पण नियम तो नियम. मुलाचं पुरं तिकीट काढावं लागलं, आणि परतीला पैसे कमी पडले. स्टँडवर ओळखीचं कुणी दिसतं का म्हणून तासभर बसून राहिल्या. मुलगा गर्दीत घाबरतो, हाताला धरून बसला होता. वहिनी आम्हाला म्हणाल्या, ''तारीख असते हेच मला माहीत नव्हतं हो. मी समजले, एकदा मिळालं ते मिळालं.''

म्हणून आजच्या आज कार्ड काढा आणि तारीख बघा. मुदत असेल तर संपायच्या दोन-तीन महिने आधीच नूतनीकरणाच्या मागं लागा. तपासणीचा नंबर लागायला वेळ जातो.

नवं कार्ड काढायचं कसं, ते थोडक्यात सांगतो. स्वावलंबन कार्ड नावाचं सरकारी संकेतस्थळ आहे, त्यावर अर्ज भरायचा. मोबाइलवरूनही भरता येतो, नाहीतर सेवा केंद्रातून. आधार कार्ड, फोटो, राहत्या पत्त्याचा पुरावा, आणि सही किंवा अंगठा लागतो. जुना दाखला असेल तर तोही जोडायचा. अर्जातलं नाव आणि आधारवरचं नाव अक्षरन् अक्षर एक हवं. माहेरचं नाव एका कागदावर आणि सासरचं दुसऱ्यावर, असं आपल्या बायांचं फार होतं, आणि तिथंच काम अडतं. अर्ज भरला की नोंदणी क्रमांक मिळतो, तो वहीत लिहून ठेवा. मग अर्जात निवडलेल्या सरकारी रुग्णालयात तपासणीला जायचं. जायच्या आधी दिवस विचारून घ्या. हाडांचे, डोळ्यांचे, कानाचे, मनाच्या आजाराचे डॉक्टर रोज एकत्र बसत नाहीत. आमच्यातल्या एक मावशी न विचारता गेल्या आणि कानाचे डॉक्टर नाहीत म्हणून दोन वेळा तशाच परत आल्या. एक दिवसाची मजुरी बुडते, सोबत्याचीही बुडते. सेवा केंद्रवाल्यानं किती पैसे लागतील ते आधी विचारा, आणि कुणीही पैसे घेतले तर पावती मागा.

आणि हे फक्त पाय नसलेल्या किंवा डोळे नसलेल्या माणसासाठी आहे असं समजू नका. 1995 च्या जुन्या कायद्यात सातच प्रकार होते. 2016 च्या नव्या कायद्यात 21 प्रकार झाले. ठेंगणेपणा, सिकलसेल, थॅलेसेमिया, हिमोफिलिया, स्वमग्नता, कंपवात, ॲसिडनं भाजलेली बाई, हे सगळे त्यात आले. आपल्या आळीत असं कुणी असेल, तर त्यांना स्वतःलाच माहीत नसेल की आपण दवाखान्यात तपासणी करून घेऊ शकतो. त्यांना सांगायला हवं.

हे सगळं झालं कागदाचं. पण मैत्रिणींनो, अक्कांची गोष्ट अजून पुरी झालेली नाही.

त्या दिवशी गाडीतून उतरल्यावर आम्ही अक्कांची माफी मागितली. म्हटलं, आमच्यामुळं तुमचे पैसे गेले. अक्का थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, ''तुमच्यामुळं नाही ताई. खरं सांगू? तुम्ही सांगितलंत ते मला बरंच वाटलं होतं. पूर्वी कार्ड काढलं की सगळी गाडी माझ्या पायाकडं बघायची. कुणीतरी विचारायचं, काय झालं, कधीपासून, लग्न झालं का. अर्ध्या तिकिटात मी चारचौघींसारखी बाई होते. कंडक्टर मला बघत नव्हता, तिकीट देत होता. त्या दहा रुपयांत मला तेवढं मिळत होतं.''

खरं सांगतो, याला काय उत्तर द्यावं आम्हाला सुचलं नाही. आम्ही हिशोब मांडून बसलो होतो, आणि अक्कांचा हिशोब निराळाच होता. पैसे वाचतात म्हणून कार्ड दाखव, असं दुसऱ्याला सांगणं सोपं आहे. सगळ्या गाडीच्या नजरा आपल्या अंगावर नसतात.

पण पुढच्या बैठकीत हाच विषय निघाला तेव्हा गटातल्या एका म्हाताऱ्या मावशी म्हणाल्या, ''अगं, आपण सगळ्या अर्धं तिकीट घेतो तेव्हा लाजतो का? ते सरकारनं बाईला दिलं. हे तुला दिलं. तू काय मागून घेतलंस?'' बैठकीत बऱ्याच जणी माना हलवत होत्या. आम्हालाही ते पटलं. सवलत ही कुणाची दया नाही. अधू पायानं चालत फाट्यावर यायला अक्कांना आपल्यापेक्षा दुप्पट वेळ लागतो. भरलेल्या गाडीत त्यांना उभं राहता येत नाही, म्हणून एखादी गाडी सोडून द्यावी लागते. पाऊस असला की रिक्षा करावी लागते. हा जास्तीचा खर्च त्यांना रोज आहे, तिकिटातली सवलत त्यातला थोडा भाग भरून काढते. 2016 चा कायदाही हेच सांगतो, की प्रवासाची सोय हा दिव्यांगाचा हक्क आहे. आणि चारचौघांत त्यांना मुद्दाम अपमानकारक बोलणं हा त्या कायद्यानं गुन्हा आहे, त्याला शिक्षा आहे.

उरला प्रश्न नजरांचा. तो कायद्यानं सुटत नाही, आपण सोडवायचा. गाडीत कुणी कार्ड काढलं तर वळून बघायचं नाही. ''काय झालं गं तुला?'' असं विचारायचं नाही. दुसरीनं विचारलं तर विषय बदलायचा. दिव्यांगांच्या राखीव सीटवर आपण बसलेल्या असू तर ती सांगायच्या आत उठायचं. एवढं तर आपल्याला जमेल.

अक्कांनी स्वतःच्या बाजूनं एक युक्ती काढली. त्या शिवणकामाच्या. त्यांनी कार्डाच्या मापाची कापडी पिशवी शिवली, पुढून पारदर्शक प्लॅस्टिक लावलं, वर नाडी. पदराखाली कमरेला अडकवतात. कंडक्टर आला की तोंडानं काही बोलायचं नाही, नुसती पिशवी पुढं धरायची. तो कार्ड बघतो, पाव तिकीट काढतो, पुढं जातो. अक्का म्हणतात, ''आता पर्स उघडा, शोधा, सगळ्यांनी बघत बसा, हे नाही.'' त्यांच्याकडून आता आणखी चार जणींनी तशा पिशव्या शिवून घेतल्या. त्या वहिनींनी मुलाच्या गळ्यात घातली, आणि मागच्या बाजूला मुदतीची तारीख मोठ्या अक्षरात लिहिली.

जाता जाता गटांसाठी काम सांगतो. येत्या बैठकीत बचत गोळा झाली की दहा मिनिटं यासाठी काढा. प्रत्येकीला विचारा, घरात कुणी दिव्यांग आहे का. चारचौघींत विचारायला नको वाटलं तर अध्यक्ष आणि सचिवांनी घरी जाऊन विचारा. वहीत चार गोष्टी लिहा. कार्ड आहे का, टक्का किती, मुदत कधीपर्यंत, आणि शेवटचं म्हणजे एसटीत ते दाखवतात का. आमच्या गावातल्या पाच गटांत आम्ही असं विचारलं तेव्हा 11 घरं निघाली. त्यातली तीन आम्हाला आधी माहीतच नव्हती. एका घरात मुलीला सहसा बाहेर आणत नव्हते.

ज्यांना तपासणीला जायचंय त्यांनी एकाच दिवशी मिळून जा. ग्रामपंचायतीनं स्वतःच्या उत्पन्नातले 5 टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. त्यातून त्या दिवसाच्या गाडीचा खर्च द्यावा, अशी मागणी ग्रामसभेत मांडा. तोंडी सांगू नका, अर्ज द्या आणि पोच घ्या.

आम्ही एकदा अर्धवट माहिती दिली आणि ती गावोगाव पोचली. आजची माहिती पुरी आहे, हीसुद्धा तशीच पोचवा. रेडिओ न ऐकणाऱ्या शेजारणीला सांगा. आणि उद्या गाडीत बसाल तेव्हा शेजारी कार्ड असलेली बाई दिसली, आणि कंडक्टरनं तिचं अर्धं तिकीट काढायला घेतलं, तर तिच्या कानात हळूच सांगा, ''बाई, तुझं पाव आहे.''